फड पद्धत: तुटीच्या वाटणीचा नियम

तापीच्या खोऱ्यात, आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने शेती भिजवण्याची फड पद्धत निदान तीन शतके चालत आली. बंधाऱ्याखाली भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ, आणि थळाचे पाडलेले तीन-चार मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, हे नदीचे पाणी पाहून शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचे, असा दंडक होता.

पाटपाण्याची जुनी अडचण अशी, की पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे तो पोटभर पाणी घेतो, शेवटचा कोरडा राहतो, आणि ज्याला पाणीच मिळत नाही तो पाटातला गाळ काढायला कशाला येईल? प्रत्येकाची चाल इतरांच्या चालीवर अवलंबून असते, अशा प्रसंगांचा विचार करणाऱ्या शास्त्राला गेम थिअरी म्हणतात, आणि स्वार्थ सोडायला न सांगता तो सर्वांच्या हिताकडे वळेल असे नियम रचणे, हा त्याच शास्त्राचा पुढचा भाग. लिओनिद हुरविच, एरिक मास्किन आणि रॉजर मायर्सन यांना 2007 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते त्यासाठी.

फडाची खरी करामत जमिनीच्या मांडणीत होती. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत विभागलेली असे, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवायची वेळ आली, तर तोटा एकट्यादुकट्याच्या माथी न येता बहुतेकांना सोसावा लागे, आणि निर्णय घेणाऱ्यांचेही शेत त्यात कोरडे पडत असल्याने त्या निर्णयावर विश्वास बसे. शेतात पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे आणि उभ्या पिकाच्या राखणीचे काम जागल्याचे. फडभर एकच पीक असल्याने आपली पाळी सोडून पाणी घेणारा लपत नसे. फिलिपिन्समधील झांजेरा या सिंचनसंस्थांमध्येही प्रत्येक सभासदाला पाटाच्या तोंडाशी आणि शेवटाला असे दोन्हीकडे तुकडे दिले जात, याची नोंद एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या 1990 सालच्या ग्रंथात आहे. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी हे उत्तर स्वतंत्रपणे शोधलेले दिसते.

विसाव्या शतकात नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, खाली विहिरी वाढल्या, आणि ज्याच्या शेतात स्वतःची विहीर आहे त्याला फड पडीक ठेवण्याचा निर्णय पूर्वीसारखा झोंबेनासा झाला.