जगज्जेत्या गावाचा क्लब



आज इंग्लंडच्या उत्तरेला लागून असलेल्या स्कॉटलंड देशातल्या एका गावाबद्दल बोलू. गावाचं नाव रेंटन. ते पडलं एका सुनेवरून. तिथल्या स्मॉलेट या जमीनदार घराण्यात सिसिलिया रेंटन नावाची मुलगी लग्न होऊन आली, आणि तिचं माहेरचं आडनाव गावाला दिलं गेलं. आपल्याकडे ते दारावरच्या पाटीवरसुद्धा राहत नाही!

गाव लेव्हन नदीच्या काठी. पाणी नितळ आणि मऊ, म्हणून तिथे कापड रंगवण्याचे मोठे कारखाने आले. धुतला तरी न जाणारा लाल रंग ही त्यांची खासियत. तेल, तुरटी, आपल्या मंजिष्ठेच्या जातीचं मूळ, इतकंच नाही तर शेणाचं पाणीही त्यात लागायचं. हे लाल कापड मोरांची नक्षी छापून आगबोटीनं मुंबईला यायचं. आपल्यापैकी कुणाच्या पणजीनं ते अंगावर घेतलंही असेल.

कारखान्यांत बायका आणि लहान वयाच्या मुली मोठ्या संख्येनं राबत. ओल्या कापडाचं, वाफेचं, हात लाल करणारं काम. त्याच वस्तीतल्या तरुणांनी 1872 साली फुटबॉलचा क्लब काढला. आठवडाभर काम, शनिवारी सामना. 1885 साली त्यांनी स्कॉटिश कप जिंकला. 1888 साली पुन्हा जिंकला, तोही अंतिम सामन्यात सहा गोल करून. त्याच वर्षी मे महिन्यात ग्लासगो शहरात इंग्लंडचा कपविजेता संघ वेस्ट ब्रॉमविच अल्बियन त्यांच्यासमोर आला. वादळी पावसात सामना झाला आणि रेंटननं 4-1 असा जिंकला. मग काय, गावानं स्वतःला जगज्जेतं म्हणवून घेतलं. तेव्हा हा खेळ नीट बसला होता तो याच दोन देशांत, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

त्यांच्या ताकदीचं गुपित म्हणजे ‘चिकन ब्री’ हे पेय, असं लोक सांगत. नाव कोंबडीच्या रश्शाचं, पण त्यात असायचं म्हणे अंडं आणि गोड दारू!

पण याच विजयानंतर क्लब पोखरला गेला. इंग्लंडमध्ये 1885 पासून खेळाडूला पगार द्यायला परवानगी होती. स्कॉटलंडमध्ये मात्र 1893 पर्यंत बंदी. बंदी मागची भावना अशी की खेळ हा हौसेचा, त्यात पैसा नको. ऐकायला छान वाटतं. पण हौस कुणाला परवडते? घरचं बरं असलेल्याला. रंगाच्या कारखान्यात राबणाऱ्या पोराला इंग्लंडचा क्लब आठवड्याचा पगार देऊ करतो, तेव्हा आईनं त्याला कोणत्या तोंडानं थांबवावं? पोरं गेली. सगळी इंग्लंडलाच गेली असं नाही. जेम्स केली हा त्यांचा नामी खेळाडू 1888 मध्येच ग्लासगोच्या नव्या सेल्टिक क्लबात गेला, आणि पुढे तिथला अध्यक्षही झाला.

1890 मध्ये स्कॉटलंडची लीग सुरू झाली. ती काढण्यात रेंटनचा पुढाकार होता. पण पाच सामने होतात न होतात तोच रेंटनलाच बाहेर काढलं. कारण काय, तर लपून पगार दिल्यावरून बंदी आलेला एक एडिंबराचा संघ नाव बदलून खेळत होता, त्याच्याशी यांनी सामना खेळला. क्लब कोर्टात गेला आणि पुढच्या वर्षी लीगमध्ये परत आला. तोवर एक हंगाम हातचा गेला होता, आणि छोट्या क्लबाचं पोट तिकिटाच्या पैशावरच चालतं.

शहरातल्या क्लबांकडे हजारो प्रेक्षक यायचे. रेंटनकडे गावचीच माणसं. 1895 साली ते पुन्हा कपाच्या अंतिम सामन्यात पोचले, हरले. 1897 साली चार सामने खेळून त्यांनी लीग सोडली. पैसाच उरला नव्हता.

त्यानंतर क्लब लहान स्पर्धांत पंचवीस वर्षं तग धरून राहिला. कारखाने चालूच होते. 1911 साली या खोऱ्यातल्या रंगकामगारांनी मोठा संप केला, आणि त्यात बायका पुढे होत्या. क्लबाच्या इतिहासात त्यांचं नाव कुठे येत नाही. पण ज्या घरांतून प्रेक्षक मैदानावर जायचे, त्या घरांत त्यांचीही मजुरी येत होती.

1922 साली क्लब बंद झाला. टोंटाइन पार्क हे त्यांचं मैदान होतं. आज तिथे घरं आहेत.