तेच भूत, नवी भीती

भुताची गोष्ट कोकणाला कोणी शिकवायला नको. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा वाट चुकवतो, मुंजा पिंपळावर बसतो आणि देवचार गावाची राखण करतो, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. पण एक गंमत पाहा. आजीने सांगितलेली गोष्ट आई जशीच्या तशी सांगत नाही. आजीच्या गोष्टीतला माणूस बैलगाडीने येतो, आईच्या गोष्टीतला रात्रीच्या शेवटच्या एस. टी. ने उतरतो. भूत तेच, वाट तीच. बदलतो तो वाटसरू आणि त्याच्याबरोबर बदलते त्याची भीती.

जुने भयपट पुन्हा नव्याने काढण्याची जी रीत जगभर चालू आहे, तिच्याकडे आपण याच दृष्टीने पाहू या. कित्येकांना वाटते की हा केवळ धंदा आहे; एकदा चाललेले नाणे पुन्हा चालवायचे, एवढेच. धंदा तर आहेच, ते कोण नाकारील? पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही सापडते. एकच गोष्ट वेगवेगळ्या काळी सांगितली गेली, म्हणजे त्या त्या काळचा समाज कशाला भीत होता याची नोंद आपोआप होऊन बसते.

पहिले उदाहरण परदेशातले घेऊ. ब्रॅम स्टोकर या लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ याने १९२२ साली परवानगी न घेता, नावे बदलून तिच्यावर 'नोस्फेराटू' हा मूकपट काढला. लेखकाच्या विधवेने दावा लावला आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तरीही काही प्रती उरल्या आणि त्या भुताला जणू पुनर्जन्म मिळाला. या मूकपटात रक्तपिपासू सरदार जहाजातून शहरात येतो. त्याच्याबरोबर उंदीर येतात आणि मागोमाग प्लेग. पहिले महायुद्ध आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला हे काय वाटले असेल, ते आपल्याला कळायला अवघड नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा माणसे जीव घेऊन गावाकडे पळत होती. रोग बंदरातून येतो, ही भीती आपल्या किनाऱ्यानेही अनुभवलेली आहे.

हाच चित्रपट १९७९ साली वेर्नर हर्झोग याने पुन्हा काढला. त्यात उंदरांनी भरलेल्या चौकात लोक जेवणाच्या पंगती मांडून बसतात, आणि शेवटी सरदार मेला तरी त्याचे विष दुसऱ्याच्या अंगात जिवंत राहते. २०२४ साली रॉबर्ट एगर्स याने तिसऱ्यांदा तीच कथा सांगितली. या वेळी भीतीचे केंद्र सरकले ते घरातल्या स्त्रीकडे. तिला काय होते आहे हे ती सांगते, पण ऐकून घेण्याऐवजी तिला बांधून ठेवले जाते, गुंगीचे औषध दिले जाते. म्हणजे शंभर वर्षांत रोगाची भीती गेली असे नव्हे. पण तिच्या शेजारी एक नवा प्रश्न येऊन बसला.

आता आपल्या घराकडे वळू. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, जगबुडीकाठच्या तुंबाडातील खोत घराण्याची ती कथा. तिच्यात भूत नाही. पण २०१८ साली राही अनिल बर्वे यांनी जो हिंदी भयपट काढला, त्याला नाव दिले 'तुंबाड'. त्याचे बीज दुसरीकडचे. नारायण धारप (१९२५–२००८) यांची एक मराठी भयकथा बर्वे यांच्या कानावर आली होती, आणि त्या कथेचे मूळ होते अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या गोष्टीत. किंग यांच्या गोष्टीत एक लहान मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटा राहतो आणि घाबरतो. बस्स, एवढीच ठिणगी. ती मराठीत आली, पुढे कोकणच्या पावसात भिजली आणि तिची गोष्ट झाली लोभाची. वाड्याच्या पोटात सोने आहे. बाप ते काढायला उतरतो आणि मुलालाही तोच धडा देतो. अमेरिकेतले पोर आजीला भ्याले. आपल्याकडे भ्यायचे ते कशाला, तर माणसाच्या कधीही न भरणाऱ्या पोटाला. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला.

हा झाला गंभीर प्रकार. हसण्याचाही एक प्रकार आहे. १९८८ साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' नावाचा भयपट आला. मारेकऱ्याचा आत्मा बाहुलीत शिरतो, अशी कल्पना. महेश कोठारे यांनी तिच्यावरून १९९३ साली 'झपाटलेला' काढला. तिथे भेसूर वाटणारी बाहुली इथे आली आणि तात्या विंचू झाली! लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भाबडा नायक, दिलीप प्रभावळकर यांचा खलनायक आणि शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची बाहुली. पोरे घाबरली ती हसत हसत. पुढे १९९५ साली या मराठी चित्रपटावरून 'खिलौना बना खलनायक' हा हिंदी चित्रपट निघाला. म्हणजे घेणारा मराठी माणूस दोन वर्षांत देणाराही झाला.

पण वाचकहो, प्रत्येक नवी आवृत्ती शहाणपणाकडेच जाते असे मात्र समजू नका. १९९३ साली मल्याळममध्ये 'मणिचित्रताळ' हा चित्रपट आला. त्यात जुन्या वाड्यातल्या तरुण स्त्रीला भूत लागले असे सारे म्हणतात. डॉक्टर मात्र सांगतो की हे भूत नव्हे, हा मनाचा आजार आहे. पुढे कन्नड, तमिळ अशी वाट चालत ही कथा २००७ साली 'भूलभुलैया' म्हणून हिंदीत आली. तोवर डॉक्टरची बाजू कायम होती. २०२२ साली त्याच नावाचा दुसरा भाग निघाला. त्यात भूत खरेच निघाले. करमणूक झाली, पण मधल्या मध्ये डॉक्टर कुठे गेला? ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २०१३ साली खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, त्या राज्यातल्या शिक्षकाने हा प्रश्न वर्गात विचारायलाच हवा. अंगात आले म्हणून मांत्रिकाकडे नेलेली मुलगी आणि वेळेवर दवाखान्यात नेलेली मुलगी, यांच्यातले अंतर केवळ गोष्टीतले नसते.

शेवटचे उदाहरण या सगळ्यांत महत्त्वाचे. २०१७ साली विशाल फुरिया यांनी मराठीत 'लपाछपी' काढला. दिवस भरत आलेली एक तरुणी नवऱ्याबरोबर उसाच्या फडात दडलेल्या एका घरी येऊन राहते. पूजा सावंत ही ती तरुणी आणि उषा नाईक ही त्या घरची बाई. फडात मुले लपाछपी खेळताना ऐकू येतात. ती मुले जिवंत नसतात. गोष्ट उलगडत जाते तसतसे समजते की खरे भय त्या मुलांचे नाहीच. मुलगी नको म्हणून जन्माआधीच तिचा निकाल लावणाऱ्या माणसांचे आहे. याच दिग्दर्शकाने २०२१ साली हीच कथा 'छोरी' या नावाने हिंदीत सांगितली. भाषा बदलली, मुलूख बदलला. ऊस मात्र तसाच उभा राहिला आणि प्रश्नही तसाच.

हा प्रश्न कल्पनेतला आहे काय? गर्भलिंग तपासणीवर बंधने घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, इतर राज्यांच्या आधी. देशाचा कायदा १९९४ साली आला. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. उसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८०७ होता. एकूण लोकसंख्या पाहिली तर आपल्या रत्नागिरीत स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त दिसते. त्यावर कोणी फुशारकी मारू नये. आपले पुरुष चाकरीला मुंबईस जातात, हे त्याचे एक मोठे कारण आहे. हे आकडे कुठल्याही भुताहून भयंकर आहेत. कायद्याने जे सांगितले आणि आकड्यांनी जे दाखवले, तेच त्या चित्रपटाने अंधारात बसवून ऐकवले. आणि जी गोष्ट एका भाषेत सांगून संपत नाही, ती दुसऱ्या भाषेत सांगावी लागते. याला नुसती नक्कल कसे म्हणावे?

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एवढे करून पाहा. मुलांना भुताच्या गोष्टीची बंदी करू नका. बंदीने गोष्ट मरत नाही, ती पडवीतून माळ्यावर जाते, इतकेच. उलट वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या वाडीतली एक गोष्ट सांगायला लावा. मग तीच गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकून यायला सांगा. दोन्हींत काय बदलले? पूर्वी कशाला भीत होते, आता कशाला भितात? आणि गोष्टीत ज्याला भूत म्हटले आहे, त्याच्यावर पूर्वी कोणी अन्याय केला होता काय?

हा तिसरा प्रश्न विसरू नका. आपल्या गोष्टींतली हडळ पुष्कळदा बाळंतपणात मेलेली बाई असते, आणि मुंजा म्हणजे अकाली गेलेले पोर. त्यांना आधी माणसांनी टाकले, मग ती माणसांना भिववू लागली. गोष्ट नव्याने सांगणाऱ्याने हा हिशेब मांडला, तर त्याची गोष्ट ऐकावी. नुसताच अंधार वाढवला, तर दिवा लावून उठावे.