पनवेलचे सर्व्हर आणि त्यांचे अ‍ॅडमिन

सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्याचे काम पनवेल परिसरात पोहोचले ते मुंबईहून, आणि मुंबईत ते आधी रुजले सरकारी संशोधन संस्थेत. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, 1985 साली मुंबईत स्थापन झाले, डॉ. श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक होते. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘अर्नेट’ हा शिक्षण-संशोधन संस्थांचे संगणक जोडणारा प्रकल्प हाती घेतला. एनसीएसटी, पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यात सामील झाल्या. एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण 1986-87च्या सुमारास सुरू झाली.

तेव्हाची टपालव्यवस्था आजच्या माणसाला गमतीची वाटेल. युनिक्सवरच्या यूयूसीपी पद्धतीत दोन यंत्रे कायम जोडलेली नसत. ठरलेल्या वेळी मोडेम समोरच्या यंत्राला फोन लावी, साठलेल्या पत्रांचा गठ्ठा पलीकडे जाई, तिकडचा गठ्ठा अलीकडे येई आणि फोन बंद होई. पत्त्यातच मार्ग लिहावा लागे: आधी पहिल्या यंत्राचे नाव, मग उद्गारचिन्ह, मग पुढच्या यंत्राचे नाव, आणि शेवटी माणसाचे. फोन लागला नाही तर पत्र रांगेत पडून राही. ती रांग रोज तपासणे हे अ‍ॅडमिनचे पहिले काम. पत्रे पोहोचवणारे सेंडमेल आणि यंत्रांच्या नावांवरून पत्ते शोधणारे बाइंड ही बर्कली विद्यापीठातली साधने मूळ कोडसह मिळत, त्यामुळे बिघाड कुठे आहे ते स्वतः वाचून शोधता येई. देशाचे ‘डॉट इन’ हे नाव 1989 साली नोंदले गेले आणि 2004च्या अखेरपर्यंत त्याची वही आधी एनसीएसटीने आणि मग तिची वारस संस्था सीडॅकने सांभाळली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमाकडून.

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा प्रसार मात्र तारेवरून फारसा झाला नाही. डायल-अपवर ती उतरवून घ्यायची तर रात्री जागवाव्या लागत, आणि फोनचे बिल वेगळेच. ती बहुतेकांच्या हाती आली सीडीवरून. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने 1996पासून अंकासोबत अशा सीडी दिल्या. कॉलेजात किंवा लहान कचेरीत एक जुना संगणक, त्यात मोडेम आणि नेटवर्क कार्ड, एवढ्यावर सगळ्या खोलीला इंटरनेट पुरवता येई. मास्करेडिंगमुळे एका पत्त्यामागे अनेक यंत्रे बसत, आणि एकाने उघडलेले पान स्क्विड हा प्रोग्रॅम साठवून ठेवी, म्हणजे दुसऱ्याला ते पुन्हा आणावे लागत नसे. महागडे परवाने आणि तोकडी लाइन या दोन अडचणींनी मुक्त सॉफ्टवेअरचा जेवढा प्रचार केला, तेवढा कुठल्याही व्याख्यानाने केला नसेल.

एनसीएसटी 2003 साली सीडॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाली. सीडॅकचे केंद्र खारघर रेल्वे स्थानकासमोर, म्हणजे पनवेल तालुक्याच्या वेशीवरच आहे. याच्या आगेमागे कामाची रीतही पालटत होती. ओपनएसएसएच 1999 साली आले आणि यंत्रासमोर न बसता, दुरूनच ते सुरक्षितपणे हाताळणे सोपे झाले. 2002पासून नॅगिओस या नावाने ओळखली जाणारी प्रणाली ‘सर्व्हर डाऊन’ झाल्याची वर्दी आपणहून देऊ लागली. 2012मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबलने तर एकच फाइल शेकडो यंत्रांवर लागू करण्याची सोय केली.

खुद्द पनवेलमध्ये मोठे डेटा सेंटर उभे राहिले ते यानंतर. हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीच्या ‘एनएम1’ या इमारतीचे उद्‌घाटन जुलै 2020मध्ये, कोरोनाच्या काळात, दूरस्थ पद्धतीने झाले. आकडे छाती दडपून टाकणारे आहेत: सुमारे 8 लाख 20 हजार चौरस फूट जागा, 7,200 रॅक, 50 मेगावॉट वीज आणि अपटाइम इन्स्टिट्यूटची टियर 4 श्रेणी. जागाही सोयीची: समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, तिथून पनवेल फार दूर नाही. जमीन मात्र मुंबईच्या मानाने मोकळी, आणि द्रुतगती मार्गाने पुणे जवळ.

अशा इमारतीत जुनी एकहाती कामे वाटली गेली. वीज आणि थंडावा एका तुकडीकडे. रॅकपाशी जाऊन बंद पडलेली डिस्क बदलणारे ‘रिमोट हँड्स’ दुसरे. ज्याच्या मालकीचा सर्व्हर, त्याचा अ‍ॅडमिन भलत्याच शहरात बसून एसएसएचने आज्ञा देतो. आपली यंत्रे त्याने कधी पाहिलेलीही नसतात. 2024 साली एनएम1मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एनव्हिडियाचे एच100 जीपीयू बसवले गेले. अशा यंत्रसमूहांवर लिनक्स हाच रिवाज आहे: नोव्हेंबर 2017पासून जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो.

पनवेलला यंत्रे भरपूर मिळाली. ती चालवणाऱ्यांचे गाव म्हणून त्याची ओळख व्हायला मात्र अजून अवकाश आहे.