जुने इंजान आणि मिस्त्रीचा शब्द

मोट गेली आणि इंजिन आले, असे आपल्या भागाच्या इतिहासात एका वाक्यात उरकतात. पण इंजिन सगळ्यांच्या विहिरीवर एकदम आले नाही. ज्याचा ऊस होता त्याच्याकडे ते नवे आले. ज्याला दीड-दोन एकर आणि भावकीच्या विहिरीत चार आण्याचा वाटा, त्याच्याकडे ते दुसऱ्या-तिसऱ्या हाताने, जुने होऊन आले. शिराळ्याकडे मोरणा-वारणेच्या काठच्या गावांत त्याला इंजान म्हणत. हे जुने इंजान घ्यावे की नाही, हे ज्याच्या शब्दावर ठरे त्या मिस्त्रीची नोंद कुठल्याच गॅझेटियरात नाही. हा मिस्त्री पुष्कळदा आपल्यातला असे, म्हणून हे लिहायला घेतले.

शिराळा आज सांगली जिल्ह्यात असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत ते सातारा जिल्ह्यातच होते. (सांगली हे नाव १९६० चे.) या टापूला यंत्रांचा शेजार जुना. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली ती नांगरांसाठी. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात पुढे डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. १९४६ मध्ये किर्लोस्करांचा इंजिनांचा स्वतंत्र कारखाना पुण्याजवळ खडकीला निघाला. त्याआधीपासून विलायतेहून लिस्टर येत होते. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे, संथ, दोन मोठ्या चाकांचे. त्याच घडणीची इंजिने पुढे राजकोटला ढिगाने बनली.

१९६० नंतर राज्याच्या वीज मंडळाच्या तारा गावोगाव पोचू लागल्या. ज्यांना कनेक्शन मिळाले त्यांनी मोटार बसवली आणि इंजिन विकायला काढले. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल करायला लावल्या आणि गिऱ्हाईक वाढले. जुन्या इंजिनाचा बाजार असा उभा राहिला.

आणि मिस्त्री? शिकलगार, मुलाणी, पिंजारी, मणेर यांच्या हातातली जुनी कामे सुटत चालली होती. जमीन नव्हती, असली तर तुकडा. पोरे कराडला, इस्लामपूरला, कोल्हापूरला कुणाच्या तरी गॅरेजात पान्हे पुसत शिकली. सच्चर समितीने २००६ साली आकडे मांडून दाखवले की मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या धंद्यात जास्त. वाहनदुरुस्ती हा त्यांतला एक. आमच्या मोहल्ल्याला त्यासाठी अहवालाची गरज नव्हती.

माझे एक चाचा हे काम करत. त्यांच्याबरोबर पिशवी धरून मी हिंडलो आहे. इंजिन बघायला गेल्यावर ते आधी बोलत नसत; सिलिंडरवर उघडा तळहात ठेवत. गरम लागले की तोंड वाकडे होई. म्हणजे मालकाने आपण यायच्या आधीच ते चालवून ठेवले आहे. गरम इंजिन कसलेही असो, सुरू होते; खरी परीक्षा थंड इंजिनाची. मग ते निवायची वाट बघत चहा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली चालवून दाखवलेली युक्ती एवढीच की हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटावे. म्हणून सगळा जीव दाबात. चाचा हँडलने चाक हळू फिरवत. दाबावर ते अडले पाहिजे, सोडले तर उसळून मागे आले पाहिजे. सुळकन पुढे गेले तर कान लावायचा. फुसफुस धुराड्यातून आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, हवेच्या तोंडातून आली तर दुसरा. खालून, ऑइलच्या बाजूने आली तर रिंगा नाही तर लायनर. हे महागातले दुखणे. काही विकणारे आत जाड ऑइल ओतून दाब आणत. तसे इंजिन सुरू केले की निळा धूर बराच वेळ थांबत नसे. काळा धूर नोझलचा किंवा जास्त ओझ्याचा; तो फारसा भ्यायचा नाही.

मग चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बेरिंगची ढील. क्रँक किती वेळा घासला आहे, दहा थाऊ, वीस की तीस, हे विचारायचे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुढे घासायला लोखंड उरले नसेल तर इंजिन स्वस्तात मिळूनही फुकट. ऑइलची कांडी बोटांत चोळायची. दुधाळ दिसले तर पाणी शिरते आहे. नव्या रंगाच्या इंजिनाकडे चाचा जास्तच संशयाने बघत. नावाच्या पाटीवर त्यांचा विश्वास नव्हता. पाटी दोन स्क्रूंची, म्हणत.

यातली मेख अशी की वाईट इंजिनात मिस्त्रीचाच फायदा. ते घेतले तर बसवायची मजुरी मिळणार, दर हंगामाला दुरुस्ती मिळणार, आणि विकणाराही हातावर काही ठेवणार. नको म्हटले तर फक्त चहा. कायदाही घेणाऱ्याच्या बाजूने फारसा नाही. १९३० चा मालविक्रीचा कायदा, काही अपवाद सोडले तर, माल पारखायची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकतो. आपल्या फिक्हमध्ये उलट आहे. ऐब लपवून विकले तर सौदा मोडायचा हक्क घेणाऱ्याला मिळतो. त्याला खियार-उल-ऐब म्हणतात. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तो किस्सा चाचांना मशिदीत ऐकून पाठ होता. फिक्हचा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. ऐब हा शब्द मात्र बैलबाजारापासून सगळ्यांच्याच तोंडी होता.

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बायकोचे डोरले गहाण टाकून पैसे आणले होते. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन, हिरवागार ताजा रंग. चाचांनी हँडल फिरवले, खाली कान लावला आणि उठून हात पुसले.

"आबा, घेऊ नगासा. लायनर खाल्लाय ह्येचा."

"मिस्त्री, भुईमूग वाळाय लागलाय."

"वाळू द्या. डोरलं तर ऱ्हाईल."

आबा रागाने बोलले नाहीत, पण परतताना वाटभर एक शब्द नाही. त्या वर्षी त्यांचा भुईमूग खरेच गेला. इंजिन दुसऱ्याने घेतले. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे हेड उघडायला चाचांनाच बोलावले, आणि लायनर बदलायची मजुरी चाचांनी मोजून घेतली. आबांच्या घरी मात्र पुढची दोन वर्षे ते गेले नाहीत. तिसऱ्या वर्षी आबाच सायकल हाणत आले. एक इंजान बघायचे होते.