अक्षीचा शिलालेख आणि अध्यापकाचे सार्थक

पनवेलहून पेण-वडखळमार्गे अलिबागला जावे आणि तेथून रेवदंड्याच्या रस्त्याला लागावे, की थोड्याच वेळात अक्षी हे गाव येते. नारळी-पोफळींच्या वाड्यांतले हे लहानसे गाव मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान नावाने तरी ठाऊक असते. 'मराठीतील आद्य शिलालेख कोणता?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते आपण सर्वांनी कधी ना कधी लिहिलेले आहे. आम्हीही विद्यार्थी असताना ते लिहिले आणि अध्यापक झाल्यावर इतरांनी लिहिलेले तपासले. प्रत्यक्ष दगडापुढे मात्र उभे राहिलो ते नोकरीत बरीच वर्षे गेल्यानंतर, पदवीच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन. त्या वेळी वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, एवढ्या चार ओळींसाठी माणसं आयुष्य घालवतात?"

प्रश्न उद्धटपणाने विचारलेला नव्हता. त्यामुळेच तो अधिक लागला. या लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

अक्षीच्या लेखाचे नाव ज्यांच्याशी कायमचे जोडले गेले, ते शं. गो. तुळपुळे (1914–1994) पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागाचे प्रमुख होते. त्यांचा 'यादवकालीन मराठी भाषा' हा ग्रंथ 1942 साली आला आणि 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा संग्रह 1963 साली. म्हणजे या दोन ग्रंथांत सुमारे वीस वर्षांचे अंतर आहे. या काळात तास घेणे, उत्तरपत्रिका तपासणे, प्रबंधांचे मार्गदर्शन करणे हे विद्यापीठीय जीवनाचे नित्यकर्मही चालूच असणार. कोरीव लेखांचे काम तसे रुक्ष. ठसे घ्यायचे, झिजलेले अक्षर पुनःपुन्हा पाहायचे, आधीच्या अभ्यासकाचे वाचन ताडून घ्यायचे आणि एका प्रत्ययासाठी दहा लेख चाळायचे. या श्रमांना टाळ्या मिळत नाहीत.

अक्षीच्या दगडावरील वर्ष तुळपुळ्यांनी शके 934, म्हणजे इ. स. 1012 असे मानले. त्यावरून हा लेख मराठीतील सर्वांत जुना ठरला. पुढे काही अभ्यासकांनी हे वाचन अमान्य केले. लेखातील केशिदेव हा शिलाहार घराण्यातील दुसरा केशिदेव असून लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन. दोन मतांत सुमारे दोनशे वर्षांचे अंतर! सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा लेख आणि आमच्याच रायगड जिल्ह्यातील दिवेआगरचा शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा ताम्रपट हेही 'आद्य' पदाच्या चर्चेत आहेत.

मग उद्या अक्षीचे आद्यत्व सर्वमान्य रीतीने गेलेच, तर तुळपुळ्यांचे श्रम वाया गेले असे म्हणायचे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी लेखाची संहिता आपल्या वाचनासह छापून सर्वांपुढे ठेवली. ज्यांना त्यांच्याशी भांडायचे होते, त्यांना भांडणाचे साहित्यही त्यांनीच पुरवले. संशोधकाचे सार्थक आपला निष्कर्ष टिकण्यात असते, तर जगातले बहुतेक संशोधक असमाधानीच गेले असते. पुढच्या माणसाला आपली चूक दाखवता यावी, इतके स्वच्छ काम मागे ठेवणे यात ते अधिक आहे.

येथे राजवाड्यांची आठवण येते. वि. का. राजवाडे (1863–1926) यांनी विद्यापीठाच्या आश्रयाविना डोंगराएवढे काम केले. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्यांच्यापुढे रोजचा वर्ग नव्हता. विद्यापीठातील अध्यापकाला तो असतो, आणि आमच्या मते तोच त्याचा खरा लाभ. आपल्याला कळले आहे असे वाटणारी गोष्ट वीस वर्षांच्या मुलाला समजावताना अडखळलो, की आपल्याला ती कळलेली नव्हती हे कळते. उलट, शिष्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या हातून काम आपल्यामागेही चालते. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश 1999 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तुळपुळ्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. त्यांनी तो छापील पाहिला नाही. आज जुनी मराठी वाचू पाहणारा कोणीही मात्र तो उघडल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही.

असो. आजचा अध्यापक 2010 नंतर आलेल्या गुणांकांच्या तक्त्यांत सापडला आहे. निबंध किती, चर्चासत्रे किती, याचा हिशेब वर्षअखेरीस द्यावा लागतो. कित्येक तरुण सहकारी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. त्यांना समाधानाचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पोटाचा प्रश्न ज्ञानानंदाने सुटत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे आद्यत्वाचा अभिमान सुलभ झाला आहे. मूळ लेख वाचू शकणारी माणसे मात्र आपोआप तयार होणार नाहीत. ती वर्गातच तयार करावी लागतील.

त्या दिवशी मुलाच्या प्रश्नाला आम्ही लगेच उत्तर दिले नाही. लेखाचे वाचन समोर धरून एकेक शब्द लावू लागलो. केशिदेवाचा महाप्रधान, देवीचे बोडण, त्यासाठी नऊ कुवली धान्य, महालक्ष्मीचा उल्लेख. 'बोडण' शब्दाशी येताच मागून एक मुलगी म्हणाली, "सर, बोडण तर आमच्या शेजारच्या काकूंकडे अजून भरतात!" मघाचा मुलगा वळून तिच्याकडे पाहू लागला. मग दगडाकडे. मग त्याने पुढे येऊन विचारले, "पुन्हा एकदा वाचता का सर?"

आम्ही पुन्हा वाचले. आमच्यापुरते उत्तर आम्हांस मिळाले होते.