कोयता
नीरा डाव्या कालव्यामुळे बागायती झालेल्या बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक परिसरात ऊसतोडणीचे प्रमुख अवजार म्हणजे कोयता. लोहार गाड्यांच्या जुन्या पाट्यांचे पोलाद तापवून, ऐरणीवर ठोकून त्याचे पाते घडवितात. पाणी दिल्याने धार टिकते. मात्र ते अधिक झाल्यास पाते ठिसूळ होते. बुडख्याकडील कांड्यांत साखर जास्त असल्याने व खोडवा चांगला फुटावा म्हणून ऊस जमिनीलगत तोडतात. त्यासाठी कोयत्याला वरचेवर कानस लावावी लागते. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडणी कामगारांत पती-पत्नीच्या जोडीलाही ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ठरतो. मुकादमाची उचल जोडीला मिळून एकच असल्याने बाईच्या श्रमाचा हिशेब वेगळा राहत नाही.