स्कारबरो फेअर

इंग्लंडमधील पारंपरिक लोकगीत. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील स्कारबरो येथे १२५३ च्या राजसनदेनुसार ४५ दिवसांची जत्रा भरू लागली, तिचे नाव गीताला मिळाले. गीतात मात्र जत्रा नावापुरतीच. दुरावलेला प्रियकर निरोप धाडतो तो अशक्य अटींचा : सुई न लावता सदरा शिवावा, कोरड्या विहिरीत धुवावा. सुगंधी वनस्पतींची नावे घेणारे पालुपद ऐकणाऱ्याला सर्वांत आधी पाठ होते.

लोकगायक इवन मॅकॉल यांनी १९४७ मध्ये शिशाच्या खाणीतील निवृत्त कामगार मार्क अँडरसन यांच्याकडून या गीताचे एक रूप टिपले. लोकगायक मार्टिन कार्थी यांनी त्याला गिटारची साथ बसवली आणि लंडनमध्ये अमेरिकन गायक पॉल सायमन यांनी ते त्यांच्याकडूनच उचलले. सायमन आणि त्यांचे सहगायक गारफंकल यांच्या १९६६ च्या तबकडीवर कार्थींचा उल्लेख नव्हता. ‘द ग्रॅज्युएट’ (१९६७) या चित्रपटामुळे गीत जगभर गेले. कार्थींना मात्र श्रेय न दिल्याची गोष्ट सलत राहिली. २००० मध्ये सायमन यांनी लंडनमधील कार्यक्रमात कार्थींना बोलावले आणि दोघांनी ते एकत्र गायिले. सायमन–गारफंकल यांचा मधाळ स्वरमेळ लोकप्रिय खरा. पण अटींमधला तुसडेपणा कार्थींच्या करकरीत गळ्यातच नीट उतरतो.